एस्मार्क: रबरी पट्टीवाला की प्रथमोपचाराचा मास्तर?

गवतीचहा
हाडांच्या ऑपरेशनला 'एस्मार्क द्या' म्हटलं की सिस्टर हातापायातलं रक्त रोखायची रबराची रुंद गुंडाळी पुढे करते. एस्मार्क नावाचा माणूस होता, हे किती जणांना ठाऊक असतं देव जाणे. फ्रीडरिख फॉन एस्मार्क, जन्म १८२३, आजच्या उत्तर जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्श्टाइनमधलं टोनिंग. १८४८ मध्ये डेन्मार्कविरुद्ध लढाईत उतरला आणि कैद झाला. सुटून आला, १८५७ मध्ये त्याच भागातल्या कील शहरात प्राध्यापक झाला, आणि पुढे १८६४, १८६६, १८७०-७१ या तिन्ही युद्धांत जखमींवर उपचार केले.

माझं मत: रबरी पट्टी विसरलात तरी चालेल. त्याचं खरं काम म्हणजे १८८२ मध्ये कीलला काढलेली समारिटर शाळा. वाहतं रक्त कसं थांबवायचं, मोडलेल्या हाताला फळी कशी बांधायची, हे डॉक्टर नसलेल्यांना शिकवायचं. डॉक्टर मंडळींनी ओरड केली की यातून वैदू निपजतील. त्याच्या तिकोनी फडक्यावर तर बांधायच्या पद्धतींची चित्रंच छापलेली असत: डोक्याला असं, गुडघ्याला असं. अक्षरओळख नसलेल्या शिपायालाही बघून बांधता यावं.

खवट_काका
फडकं त्याचं नव्हेच. मायोर नावाच्या स्विस सर्जनने ते कितीतरी आधी मांडलं होतं. लंडनमध्ये सेंट जॉन या सेवाभावी संघाने १८७७ लाच प्रथमोपचाराची संस्था काढली. हे महाशय १८८१ मध्ये तिथे गेले, बघून आले आणि पुढच्याच वर्षी कीलला शाळा!

आणि सोयरीक विसरू नका. १८७२ मध्ये दुसरं लग्न केलं ते राजकन्या हेन्रिएटशी. पुढे जर्मन सम्राज्ञी झालेली आउगुस्टा व्हिक्टोरिया ही तिची भाची. त्याच्या व्याख्यानांचं इंग्रजी भाषांतर कुणी केलं? राणी व्हिक्टोरियाची मुलगी हेलेना, म्हणजे हेन्रिएटची भावजय. सगळा घरचाच मामला.

गवतीचहा
काका, लग्न १८७२ चं आणि प्राध्यापकी १८५७ ची. सासर शोधायला पंधरा वर्षं आधीच नोकरी धरली म्हणता? सेंट जॉनचं ऋण त्याने लपवलेलं नाही. दुसऱ्याची चांगली गोष्ट उचलून आपल्या गावात रुजवली, यात चोरी कसली?

रात्रपाळी
पट्टी विसरा म्हणणाऱ्यांनी एकदा ती बांधताना बघावी. हात वर धरायचा आणि बोटांपासून ताणून गुंडाळत दंडापर्यंत जायचं, म्हणजे हातातलं रक्त वर ढकललं जातं. मग वरच्या बाजूला रबराची नळी आवळायची आणि खालची गुंडाळी सोडायची. आत हात मेणासारखा पांढरा. शीर, मज्जातंतू, स्नायुबंध, सगळं पुस्तकातल्या चित्रासारखं वेगवेगळं दिसतं. १८७३ मध्ये बर्लिनच्या सर्जनांच्या परिषदेत त्याने हे मांडलं. त्याआधी रक्त टिपत टिपत, अंदाजाने चालायचं. मला विचाराल तर शाळा कुणीही काढली असती.

दोषही सांगते. रबराची नळी किती आवळली गेली हे कळत नाही आणि मज्जातंतू दबून हात लुळा पडू शकतो. म्हणूनच १९०४ मध्ये कुशिंग या अमेरिकन सर्जनने हवा भरायची पट्टी आणली. आणि पू किंवा कॅन्सरची गाठ असेल तिथे गुंडाळायची नाही, आतली घाण वर ढकलली जाण्याची भीती. आमच्याकडे नव्या पोरांना हे पहिल्याच आठवड्यात ओरडून सांगावं लागतं.

मुलूखगिरी
तुम्ही सगळे मूळ प्रश्न टाळताय. लष्करी सर्जन शिपायाला बरा करतो तो पुन्हा आघाडीवर धाडायला. ज्या प्रशियाने, म्हणजे बर्लिनच्या राज्याने, १८६६ नंतर त्याचं श्लेस्विग-होल्श्टाइन गिळलं, त्याच प्रशियासाठी हा १८७० मध्ये जनरल-डॉक्टर होऊन राबला. यात माणुसकी किती आणि हुजरेगिरी किती?

गवतीचहा
पहिल्या लढाईनंतर, १८५१ मध्ये, त्याने कशावर लिहिलं ते बघा. गोळीने कोपर फुटलं की सरसकट हात उडवायचे तो काळ. हा आणि त्याचा गुरू श्ट्रोमायर फुटलेला सांधा तेवढा काढून हात ठेवायचे. कोपर ढिलं राहायचं, पण पंजा आपला आपल्याला. असा हात घेऊन कोण आघाडीवर जातो हो? घरी जाऊन पेला मात्र स्वतः उचलता येतो.

मुलूखगिरी
१८५१ चा एस्मार्क मान्य. मी १८७० चा विचारतोय.

खवट_काका
कोपराचं मलाही पटलं. फडकं मात्र मायोरचंच.