मल्टिकास्ट पॅकेट नेमक्या पोर्टांवरच जाते, हे चाचणीने कसे सिद्ध करावे?

जळगावकर_लॅब: नमस्कार. रावेरजवळच्या एका केळीच्या रायपनिंग चेंबरमधील (केळी पिकवण्याच्या खोलीतील) कॅमेऱ्यांचे चित्रण मल्टिकास्टने (एकच प्रवाह, गटात सामील झालेल्या सर्वांना) दोन पडद्यांवर न्यायचे आहे. त्यासाठी घेतलेला आठ पोर्टांचा मॅनेज्ड (सेटिंग्ज बदलता येणारा) स्विच बसवण्यापूर्वी मी तो जळगावात टेबलावर तपासत आहे. पोर्ट १ वरून २३९.१.१.१ या गटाला यूडीपी पॅकेट्स सोडली. पोर्ट २ व ३ वरील लॅपटॉप गटात सामील होते आणि दोन्हीकडे सर्व पॅकेट्स क्रमाने मिळाली. आयजीएमपी स्नूपिंग (कोणत्या पोर्टावर कोणत्या गटाचे सदस्य आहेत हे स्विचने ऐकून लक्षात ठेवणे) चालू आहे. एवढ्यावर स्विच उत्तीर्ण समजावा का?

धुळे_नेटवर्क: नाही. स्नूपिंग बंद असते तरी हाच निकाल आला असता, कारण तेव्हा स्विच मल्टिकास्ट सर्वच पोर्टांवर पसरवतो. खरी कसोटी पोर्ट ४ वर आहे, जिथे गटात सामील न झालेला लॅपटॉप नुसता पाहत बसेल. तिथे व्हीएलसी प्लेअरने गट उघडू नका, कारण ते स्वतःच सामील होते; पॅकेट्स नुसती टिपणारे टीसीपीडम्प लावा आणि कार्ड प्रॉमिस्क्युअस मोडमध्ये (येईल ते सर्व घेण्याच्या स्थितीत) असल्याची खात्री करा, नाहीतर नको असलेली पॅकेट्स कार्डच टाकून देईल आणि गळती असूनही पाटी कोरी दिसेल. आधी मुद्दाम स्नूपिंग बंद करून पोर्ट ४ वर पॅकेट्स दिसतात का ते पाहा. ती दिसली तरच नंतर स्नूपिंग चालू असताना मिळणाऱ्या शून्याला अर्थ आहे. पॅकेटमध्ये क्रमांक घातला, तर गहाळ आणि दुबार दोन्ही कळतात.

भुसावळ_एनओसी: वरील उत्तराशी सहमत, मात्र चाचणी किती वेळ चालवली, हे विचारायला हवे. तुमच्या टेबलावर राउटर दिसत नाही, म्हणजे बहुधा क्वेरिअरही (गटात कोण आहे हे ठरावीक काळाने विचारणारा) नाही. सामील होताना लॅपटॉप रिपोर्ट पाठवतो, पण पुढे कोणी विचारणाच केली नाही तर स्विच ती नोंद पुसतो. आयजीएमपी आवृत्ती २ च्या मूळ मूल्यांनुसार ही मुदत २ × १२५ (दोन विचारणांमधील अंतर) + १० (उत्तराची मुदत) म्हणजे २६० सेकंद आहे. मिनिटभराच्या चाचणीत हा दोष कधीच सापडत नाही आणि मालकाकडे मात्र चार-साडेचार मिनिटांनी पडदा गोठतो. क्वेरिअर बंद व चालू अशा दोन्ही स्थितींत दहा मिनिटे तरी चालवा.

गट सोडण्याचीही चाचणी घ्या. लीव्ह (गट सोडल्याचा निरोप) आल्यावर क्वेरिअर एकेका सेकंदाच्या अंतराने दोनदा विचारतो, त्यामुळे प्रवाह साधारण दोन सेकंदांत थांबावा. फास्ट लीव्ह (पुन्हा न विचारता पोर्ट वगळणे) चालू असेल तर लगेच थांबतो, पण एका पोर्टामागे साधा स्विच लावून दोन पडदे जोडले असतील (आपल्याकडे हे हमखास होते), तर एकाने गट सोडताच दुसराही अंधारतो.

धुळे_नेटवर्क: पत्त्यांचे राहिले. आयपी पत्त्याचे शेवटचे २३ बिट्सच मॅक पत्त्यात (नेटवर्क कार्डाच्या पातळीवरील पत्त्यात) उतरतात, म्हणून ३२ गटांना एकच मॅक येतो. २३९.१२९.१.१ वर पॅकेट्स सोडून ती पोर्ट २ वर गळतात का पाहा. गळाली तर स्विच मॅकवरूनच गाळतो. अशा स्विचवर कॅमेऱ्यांना २३९.०.०.५ सारखे पत्ते देऊ नका, कारण त्यांचा मॅक २२४.०.०.५ शी जुळतो आणि २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ हा पट्टा आरएफसी ४५४१ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजानुसार सर्व पोर्टांवर जाणेच अपेक्षित आहे.

जळगावकर_लॅब: आभारी आहे, भाऊ. स्नूपिंग चालू असताना पोर्ट ४ कोरा राहिला, बंद करताच भरून वाहिला. क्वेरिअरविना प्रवाह चार मिनिटांनंतर खरोखर थांबला. फास्ट लीव्ह बंदच ठेवतो, कारण दोन्ही पडदे एकाच केबलवर येणार आहेत.