मदत हवी आहे: कॅफिनच्या प्रयोगात प्लासिबो लगेच ओळखू येतोय

नमस्कार मंडळी,

एम.ए. मानसशास्त्राच्या प्रकल्पासाठी कॅफिनचा एकाग्रतेवरचा परिणाम तपासायचा आहे. प्रत्येकाने दोनदा यायचं, एकदा २०० मिलीग्रॅम कॅफिनची कॅप्सूल, एकदा हुबेहूब तशीच पिठाची (म्हणजे प्लासिबो, औषध नसलेली नकली गोळी). आधी कोणती, हे चिठ्ठ्या टाकून ठरतं आणि ते मलाही माहीत नसतं. म्हणजे कागदावर डबल ब्लाइंड (घेणारी आणि देणारी, दोघींनाही काय दिलंय ते ठाऊक नाही). पण मैत्रिणींवर करून पाहिलं तर थोड्याच वेळात एकेक जण म्हणायला लागली, "आज खरी मिळालीय, छातीत धडधडतंय." मग फरक कॅफिनचा धरायचा की समजुतीचा? शिवाय दुसऱ्या खेपेला सगळ्यांचाच वेग सरावाने वाढतो. जाणकारांनी मार्ग सुचवावा. सांख्यिकीत मी कच्ची आहे, तेव्हा जरा सोपं करून सांगा.

प्रतिसाद १

सरावाचं सोपं आहे. चिठ्ठ्या अशा टाका की बरोबर निम्म्यांना कॅफिन आधी येईल, आणि मोजणीआधी सगळ्यांकडून सरावाच्या फेऱ्या करून घ्या.

खरी मेख ओळखू येण्यात आहे, आणि ती जुनी आहे. १९६२ साली बोस्टनमध्ये वॉल्टर पाह्नके या संशोधकाने सिलोसायबिनचा (काही मशरूममधलं भ्रम निर्माण करणारं द्रव्य) प्रयोग केला, तेव्हा दुसऱ्या गटाला नायसिन (ब-३ जीवनसत्त्व) दिलं होतं. त्याने त्वचा लाल होते, अंग तापतं, म्हणजे आपल्यालाही काहीतरी मिळालं असं वाटावं. तरी कोणाला काय मिळालंय हे थोड्या वेळात उघड झालंच. नैराश्यावरच्या औषधांच्या काही चाचण्यांत याच हेतूने अ‍ॅट्रोपिन वापरलं, कारण त्याने तोंड कोरडं पडतं.

तुम्ही चार गट करा: कॅफिन सांगून कॅफिन, कॅफिन सांगून पीठ, पीठ सांगून कॅफिन, पीठ सांगून पीठ. समज आणि औषध वेगवेगळे मोजता येतील. मात्र माणसं जास्त लागतील, डोस कमी ठेवावा लागेल (धडधडलं की थाप पचत नाही) आणि खोटं सांगायचं असल्याने नैतिकता समितीची परवानगी आधी हवी, खुलासा नंतर.

तेवढं झेपत नसेल तर निदान शेवटी प्रत्येकीला विचारा, "काय मिळालं असं वाटतं, आणि कशावरून?" 'कशावरून' गाळू नका. धडधडीवरून ओळखणं वेगळं आणि 'आज छान जमलं' म्हणून अंदाज बांधणं वेगळं.

प्रतिसाद २

या रोज कॉफी पिणाऱ्या आहेत का? आदल्या रात्रीपासून बंद करायला लावलं असेल तर पिठाच्या दिवशी डोकं दुखणार, सुस्ती येणार. मग कॅफिनने एकाग्रता वाढली की नुसती तलफ भागली, हे कळायचं कसं? न पिणाऱ्यांचा गट वेगळा ठेवा.

धागाकर्ती

दोघांचेही आभार! सगळ्याच रोज पिणाऱ्या आहेत. सवयीचा प्रश्न आजच फॉर्ममध्ये घालते. चार गटांचं मार्गदर्शकांना विचारून इथेच कळवते.