दालियानला एकच दिवस, त्यात बर्फ. उतरावं का?

समुद्रवेडी: मंडळी, डिसेंबरात क्रूझवर चीनमधल्या दालियानला सकाळी ८ ला लागतोय, ५ ला परत बोटीवर हजर. आईबाबा सोबत, बाबांचा गुडघा कुरकुरतो. बोटवाल्यांच्या टूरचे भाव बघून डोळे पांढरे झाले. बर्फ असला तरी आपलं आपण फिरता येईल का?

कागदपत्रे_मास्टर: आधी व्हिसाचं बघ. मे २०२४ पासून क्रूझने येणाऱ्या परदेशी टूर ग्रुपला १५ दिवस व्हिसा लागत नाही, १३ बंदरांत दालियानही आहे. पण ग्रुप किमान २ जणांचा, चिनी एजन्सीमार्फत आणि पुढे त्याच बोटीने जायचं. त्यामुळे "आपलं आपण" म्हणत असशील तर व्हिसा लागेल की नाही हे बुकिंगवाल्यांकडून लेखी घे.

वाऱ्यावरची_वरात: उतर गं, बोटीवर काय बसायचंय! मी व्हिसा काढून गेले होते. बंदराजवळच्या गांगवान चौकातून मेट्रोच्या लाईन २ ने एकच स्टेशन, झोंगशान चौक. गोल चौक, दहा रस्ते फुटतात, रशियनांनी आखलेला आणि भोवती जपानी काळातल्या बँका नि हॉटेल, त्यांच्या कमानींवर बर्फ, मागे काचेचे टॉवर. मस्त दिसतं पण वारा असला की बर्फ वरून पडतच नाही, आडवा तोंडावर येतो. आणि ऐक, फोन आतल्या खिशात ठेव, माझा ४० टक्क्यांवरून थंडीने खाडकन बंद पडला, म्हणजे नकाशा गेला, भाषांतर गेलं, पैसेपण गेले कारण सगळं अलीपे या पेमेंट ॲपवर! समोरच्या दुकानात भाड्याच्या पॉवर बँकचं मशीन होतं, पण ते उघडायला कोड स्कॅन करायचा, आता कशाने करू सांग. नशिबाने १०० युआनची नोट होती. कोपऱ्यावर एक काका पिंपात रताळी भाजत होते, त्यांनी हातमोजा काढून कोटाच्या आतून मोड काढून दिली, नोटा रताळ्याइतक्याच गरम. त्यामुळे थोडी रोकड ठेवच, १० आणि २० च्या नोटा जास्त.

गुडघेदुखी_क्लब: बाबांसाठी सांगतो, हे शहर चढउतारांचं आहे, चीनमध्ये असूनही सायकली फारशा दिसत नाहीत त्या उगाच नाही. फुटपाथच्या गुळगुळीत फरशीवर बर्फ वितळून पुन्हा गोठला की काच होते. खरबरीत तळव्याचे बूट घ्या आणि २०१ नंबरच्या ट्राममध्ये बसून खिडकीतून शहर बघा. शिंगहाय चौक मात्र टाळा, समुद्राकाठचं प्रचंड मोकळं मैदान आहे, वाऱ्याला अडवायला काही नाही.

समुद्रवेडी: बाबा म्हणतात ट्राम चालेल. आई विचारतेय रताळं केवढ्याला 😄

वाऱ्यावरची_वरात: वजनावर देतात, तराजूवरचा आकडा दाखवतात. आणि घड्याळ बोटीच्या वेळेवर ठेव हं, आमच्यासोबतचं एक जोडपं शेवटच्या मिनिटाला पळत आलं, तेही त्या बर्फावरून!