कातेब यासिनची फ्रेंच: लूट की लाचारी?

सईबाई:
अल्जीरियाच्या कातेब यासिनची (१९२९–१९८९) 'नेजमा' ही कादंबरी परवा इंग्रजीतून वाचली. फ्रेंच म्हणजे आम्ही युद्धात मिळवलेली लूट, असं तो म्हणायचा. मला नाही पटत. अल्जीरियावर राज्य फ्रेंचांचं; मे १९४५ मध्ये त्यांनी तिथल्या सेतिफ शहरात मोर्चावर गोळ्या झाडल्या, पंधरा वर्षांच्या या पोराला तुरुंगात टाकलं, तो मेला समजून आईला वेड लागलं. ज्यांनी हे केलं त्यांच्याच भाषेत कादंबरी? प्रकाशक पॅरिसचा, वाचकही तिथलेच. लूट म्हणे!

पुस्तकवेडा:
साल बघा ना ताई. 'नेजमा' आली १९५६ला, स्वातंत्र्ययुद्ध पेटलेलं असताना. मी फ्रेंच नाही, हे फ्रेंचांना सांगायचं तर ते त्यांना कळेल अशाच भाषेत सांगणार ना? आणि त्याला फ्रेंच शाळेत घातलं ते बापाने. 'लांडग्याच्या तोंडात' दिलं, असं त्यानेच लिहून ठेवलंय. बरं, ती कादंबरी गुणी फ्रेंच कादंबरीसारखी वागते तरी का? चार मित्र, चौघांना ओढ लावणारी एक नेजमा, आणि तेच प्रसंग पुन्हा पुन्हा, काळाचा पत्ता नाही. शेवटी प्रकाशकाला सुरुवातीलाच खुलासा जोडावा लागला, की अरबांची काळाची कल्पना वर्तुळाकार असते. (हा खुलासा वाचून मी खूप हसलो.)

घाटावरचा:
एवढी कामाची लूट होती तर पुढे बाजूला का ठेवली? १९७१चं 'मोहम्मद, उचल तुझी बॅग' बोली अरबीत आहे. परदेशात राबणाऱ्या मजुरांचं नाटक, आणि प्रयोगही कामगारांसमोर. सईबाईंचं म्हणणं त्याने स्वतःच मान्य केलं की.

पुस्तकवेडा:
अर्धंच. स्वतंत्र अल्जीरियाचं सरकार प्रमाण अरबी लादत होतं, तिच्याकडे तो गेला का? नाही. बाजारात बोलतात त्या दारिजाकडे, म्हणजे बोली अरबीकडे गेला, आमाझिग (बर्बर) या तिथल्या मूळ लोकांच्या भाषेसाठी भांडला. पोराचं नावच आमाझिग ठेवलं! त्याचं वाकडं होतं ते सरकारी भाषेशी, मग ती कुणाचीही असो.

सईबाई:
हे माहीत नव्हतं. तरी कादंबरीबद्दल माझं मत तेच. त्याची आई ती वाचू शकली नसती. ती बोलीतली नाटकं वाचायला कुठे मिळतील?

पुस्तकवेडा:
छापील संग्रह आहे. फ्रेंचमध्ये.