सल्ला हवा: डेडिकेटेड सर्व्हर घेताना हार्डवेअर आणि बँडविड्थ कशी ठरवावी?

रानवाटा
नमस्कार मंडळी. आमचं पक्षीनोंदींचं संकेतस्थळ आहे. सभासद फोटो चढवतात, बाकीचे ओळख पटवून देतात. सध्या सगळा डोलारा एका व्हीपीएसवर (मोठ्या सर्व्हरचा भाड्याने घेतलेला आभासी तुकडा) आहे: ४ कोअर, ८ जीबी रॅम, पीएचपी (पानं तयार करणारी भाषा) आणि मारियाडीबी (डेटाबेस). संध्याकाळी पान उघडायला पाच-सहा सेकंद लागतात, शोध तर विचारूच नका. डेटाबेस १४ जीबी, फोटो ६०० जीबी, त्यात महिन्याला साधारण १२ जीबीची भर. बाहेर जाणारा डेटा महिन्याला ६ टीबी.

जवळपास सारख्याच भाड्यात दोन डेडिकेटेड, म्हणजे अख्खे आमच्या एकट्यासाठीचे, सर्व्हर मिळतायत.
अ) १६ कोअर २.१ गिगाहर्ट्झ, ३२ जीबी रॅम, ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क, १०० एमबीपीएस पोर्ट (नेटवर्कची जोडणी), डेटा 'अमर्याद'.
ब) ६ कोअर ३.६ गिगाहर्ट्झ, ६४ जीबी ईसीसी (चुका पकडून सुधारणारी) रॅम, ९६० जीबीच्या दोन एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), १ जीबीपीएस पोर्ट, महिन्याला २० टीबी.

कोअर जास्त आणि 'अमर्याद', म्हणून माझा कल 'अ'कडे आहे. जाणकारांनी सांगावं.

दीपमाळ
ठरवण्याआधी एक करा. संध्याकाळच्या गर्दीत सर्व्हरवर व्हीएमस्टॅट ही आज्ञा दर पाच सेकंदांनी चालवा आणि यूएस (प्रोसेसरचं प्रत्यक्ष काम, टक्के), डब्ल्यूए (डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ, टक्के), एसआय, एसओ (स्वॅपमधून आत-बाहेर) या रकान्यांत काय दिसतं ते इथे टाका. नेमकं काय तुंबलंय ते कळल्याशिवाय कोअर मोजण्यात अर्थ नाही.

रानवाटा
आत्ताच बघितलं. यूएस वीसच्या आसपास, डब्ल्यूए ३० ते ४०. एसआय आणि एसओ शून्यावर येतच नाहीत.

दीपमाळ
मग चित्र स्वच्छ आहे. प्रोसेसर बराच वेळ डिस्कची वाट बघत बसलाय, आणि रॅम पुरत नसल्यामुळे स्वॅप (रॅममधलं तात्पुरतं डिस्कवर हलवणं) चालू आहे, म्हणजे डिस्कवर आणखी बोजा. कोअर चौपट केलेत तरी ते चौपट कोअर त्याच डिस्कची वाट बघतील.

शिवाय पीएचपीची एक विनंती पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच कोअरवर चालते. १६ कोअर असले म्हणून एक पान लवकर तयार होत नाही, एकाच वेळी जास्त लोक सामावतात एवढंच. तुमची तक्रार पान सावकाश उघडण्याची आहे, म्हणून जास्त गिगाहर्ट्झ तुमच्या कामाचे. (दोन्ही प्रोसेसर वेगवेगळ्या पिढीचे असतील तर नुसत्या गिगाहर्ट्झवरूनही ठरवू नका, मॉडेल विचारून घ्या.)

रॅमचा हिशेब मांडा. पीएचपीची एक प्रक्रिया ६० एमबी धरली आणि एका वेळी ५० चालल्या, तर ३ जीबी. डेटाबेस १४ जीबी आहे, तो अख्खा रॅममध्ये बसावा म्हणून इनोडीबीचा (मारियाडीबीचा साठवणुकीचा भाग) बफर पूल, म्हणजे डेटा धरून ठेवायची रॅममधली जागा, २० जीबी ठेवा. हे मुद्दाम सांगतोय, कारण मूळ सेटिंग फक्त १२८ एमबी असतं आणि पुष्कळ ठिकाणी नव्या मोठ्या सर्व्हरवरही ते तसंच राहून जातं. उरलेली रॅम वाया जात नाही, लिनक्स तिच्यात सतत मागितले जाणारे फोटो धरून ठेवतं. ३२ जीबीत हे जेमतेम बसेल, ६४ मध्ये ऐसपैस. ईसीसी मात्र सोडू नका. रॅममधला एक बिट उलटला आणि तोच डेटाबेसमध्ये लिहिला गेला तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. वर्षानुवर्षांच्या नोंदी आहेत तुमच्या.

डिस्कबद्दल: ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला शंभरेक वेळाच वाचू शकते. एनव्हीएमई हेच काम हजारोंनी करते. डेटाबेस हार्ड डिस्कवर ठेवायचा विचारही नको.

कातळशिल्प
'ब'ला माझंही मत, पण ९६० जीबीत तुम्ही वर्षभरात अडकाल. रेड १ (दोन्ही डिस्कवर तेच लिहिणं) केल्यावर दोन डिस्क मिळून जागा एकाचीच मिळते. त्यात ६०० जीबी आजच भरलेले, आणि एसएसडी काठोकाठ भरणं बरं नाही, वीसेक टक्के मोकळी हवी. फोटोंना एनव्हीएमईची गरजही नाही, ते एकदा लिहिले की फक्त वाचले जातात. 'ब' घ्या आणि फोटोंसाठी हार्ड डिस्कची जादा जोडी मागा. छोट्या थंबनेल प्रती तेवढ्या एनव्हीएमईवर ठेवा, याद्यांच्या पानांवर त्याच लागतात.

एनव्हीएमई डेटासेंटर दर्जाची आहे का तेही विचारा. वीज अचानक गेली तर हातातलं लिखाण पुरं करण्यापुरते कपॅसिटर तिच्यात असतात. त्यामुळे प्रत्येक कमिटला (डेटाबेस नोंद पक्की करतो तेव्हा) 'लिहिलं' असं ती लगेच आणि खात्रीने सांगू शकते. घरगुती डिस्क इथेच मंदावते.

ओढाळ
बँडविड्थवर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. 'अमर्याद' या शब्दाने हुरळू नका. १०० एमबीपीएसचा पोर्ट तीस दिवस अखंड भरून वाहिला तरी ३२.४ टीबीच जातात, मर्यादा पोर्टानेच घातलेली आहे. तुमचे ६ टीबी म्हणजे सरासरी १८.५ एमबीपीएस. पण सरासरीत रात्रीचे रिकामे तासही आले. संध्याकाळी चौपट-पाचपट सहज होत असेल, म्हणजे ७५ ते ९०. तिथे १०० चा पोर्ट गच्च होणार, आणि तेही नेमकं सगळे एकदम आलेले असताना. १ जीबीपीएस आणि २० टीबी तुम्हाला व्यवस्थित पुरतं.

त्यांना हे मात्र लेखी विचारा: पोर्ट तुमच्या एकट्याचा की वाटून घेतलेला? आत येणारा डेटा मोजतात का? २० टीबी संपल्यावर वेग कमी करतात, जादा आकारणी करतात की सरळ बंद करतात? सर्व्हरवर हल्ला झाला तर गाळणी लावतात की तुमचा आयपीच बंद करून टाकतात?

काही जण पंच्याण्णव टक्क्यांच्या पद्धतीने आकारणी करतात. दर पाच मिनिटांना वेग मोजायचा, महिनाअखेरीस सगळ्यात वरची पाच टक्के मोजमापं वगळायची आणि उरलेल्यांतल्या कमालीवर पैसे लावायचे. तीस दिवसांत ३६ तास माफ होतात. रोजची गर्दी तासाभराची असेल तर फायद्याचं, पण तुमची संध्याकाळ तीन-चार तास चालत असेल तर ती आकारणीत येणारच.

रानवाटा
सगळ्यांचे मनापासून आभार. 'ब' आणि फोटोंसाठी ४ टीबीची जोडी असं विचारलं, थोड्या जादा भाड्यात देतायत. पोर्ट स्वतंत्र आहे, आत येणारा डेटा मोजत नाहीत. दोन्हीकडे रेड १ आहे, मग बॅकअप वेगळा घ्यायला हवा का?

दीपमाळ
हवाच. एका डिस्कवर पुसलेलं दुसऱ्या डिस्कवरही त्याच क्षणी पुसलं जातं. बॅकअप दुसऱ्या डेटासेंटरमध्ये ठेवा आणि एकदा तो परत उतरवून बघा. ६०० जीबी १०० एमबीपीएसवरून आणायला तेरा तासांहून जास्त लागतात, १ जीबीपीएसवरून दीड तासाच्या आत. मोठ्या पोर्टाचा हाही उपयोग.

कातळशिल्प
सर्व्हर हातात आला की काही चढवण्याआधी चारही डिस्कवर स्मार्टसीटीएल (डिस्कची तब्येत दाखवणारी आज्ञा) चालवा. भाड्याच्या सर्व्हरमध्ये डिस्क बहुधा आधी वापरलेल्या असतात. 'पॉवर ऑन अवर्स' बघा, एनव्हीएमईवर 'पर्सेंटेज यूज्ड' (आयुष्य किती टक्के खर्ची पडलं) बघा. हा टक्क्यांचा आकडा ८०-९० असेल तर त्याच दिवशी बदलून मागा, रिकामा सर्व्हर असताना बदलून मिळणं सोपं जातं. जोडीतल्या दोन्हींवर सारखेच जास्त तास दिसले तरी एक बदलून घ्या, कारण रेडमध्ये दोघींवर सारखंच लिहिलं जातं आणि दोघी एकदम थकतात. रिमोट कन्सोल (सर्व्हर अडकला तरी दुरून त्याचा पडदा दाखवणारी सोय) चालतोय का तेही तेव्हाच तपासा.

ओढाळ
स्थलांतराच्या एक-दोन दिवस आधी डीएनएसचा टीटीएल (संकेतस्थळाचा पत्ता इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायचा ते) ३०० सेकंदांवर आणून ठेवा, आणि फोटो आधीच आरसिंकने (फक्त बदललेल्या फाइली नेणारं साधन) नेऊन ठेवा. मग ठरलेल्या वेळी नवे फोटो आणि डेटाबेस एवढंच न्यायचं राहील.