ओटी (ऑपरेशन थिएटर) स्टाफला आगीचं प्रशिक्षण: ठाण्यात कोण देतं?

ओटीसिस्टर_ठाणे:
घोडबंदर रोडवरच्या छोट्या हॉस्पिटलात मी ओटी इन्चार्ज आहे. दरवर्षी एजन्सीचा माणूस पार्किंगमध्ये ट्रेत आग पेटवतो, दोघातिघांकडून विझवून घेतो, फोटो काढतो आणि जातो. पण टेबलावर भूल दिलेला पेशंट आहे, पोट उघडं आहे, तेव्हा काय करायचं ते कोणीच सांगत नाही. २०२१ ला मुंब्र्याच्या हॉस्पिटलला आग लागून चार रुग्ण गेले, तेव्हापासून ही काळजी मनातून जात नाही. ओटीचं नीट शिकवणारं कोणी माहीत आहे का?

भूलतज्ज्ञ_नेरूळ:
सिस्टर, बाहेर शोधण्याआधी तुमच्याच भूलतज्ज्ञांना गाठा. ऑक्सिजन आमच्या हातात, कॉटरी (विजेवर तापून कापणारी, रक्त थांबवणारी पेन्सिल) सर्जनच्या, स्पिरिट आणि ड्रेप (पेशंटवर टाकायची कापडं) तुमच्या. हे तिघं एकत्र उभे राहून शिकले तरच उपयोग.

चीर देण्याआधी कातडी स्पिरिटने पुसली असेल तर ड्रेप टाकण्याआधी किमान ३ मिनिटं सुकू द्या. केस असलेल्या जागी तासभरही लागू शकतो. मानेच्या ऑपरेशनला वरून कातडी कोरडी दिसते आणि ओघळ मात्र मानेखालच्या टॉवेलमध्ये मुरलेला असतो. हात घालून बघा, ओला लागला तर बदला. चेहऱ्या-मानेजवळ कॉटरी चालणार असेल आणि मास्कने ऑक्सिजन सुरू असेल, तर तो ३० टक्क्यांच्या आत ठेवायला सांगा. तेवढ्यावर भागत नसेल तर श्वासनळीत नळी घालणं बरं.

ड्रिल ओटीतच करा, टेबलावर कोणाला तरी झोपवून. ड्रेप पेटला: ऑक्सिजन आणि भुलेचा गॅस बंद, ड्रेप ओढून खाली, मग सलाईन. बरेच ड्रेप पाणी आत जाऊ देत नाहीत, त्यामुळे वरून ओतत बसू नका. श्वासनळीतली नळी पेटली तर नळी काढणं आणि गॅस बंद करणं एकाच वेळी, लगेच आत सलाईन. सलाईनचा बाऊल ट्रॉलीवर आधीपासून भरलेला हवा.

सेफ्टी_वाशी:
सरांशी सहमत. इमारतीच्या बाजूसाठी महापालिकेच्या अग्निशमन दलाला पत्र देऊन मॉक ड्रिल मागा. १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह असतो, तेव्हा त्यांची धावपळ असते, म्हणून पत्र बरंच आधी द्या. जानेवारी-जुलैला एजन्सी देते तो बी फॉर्म आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला असतो, स्टाफ तयार असल्याचा नाही. मालकांना हे स्पष्ट सांगा.

ओटीबाहेरचा ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह प्रत्येकाला, वॉर्डबॉय-मावशींनाही, प्रत्यक्ष दाखवा. तो भूलतज्ज्ञांनी सांगितल्याशिवाय फिरवायचा नाही. अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) आणि भरलेला छोटा सिलेंडर आधी हाताशी हवा. रात्रपाळीला वगळू नका.

टेक्निशियन_कळवा:
दुर्बिणीच्या ऑपरेशनला लाईट केबल सुटी करून ड्रेपवर ठेवतात, तेही थांबवा. टोक इतकं तापतं की कापड जळतं. आधी लाईट स्टँडबायला, मग केबल काढायची. कॉटरी पेन्सिलही वापरून झाली की होल्स्टरमध्ये (तिच्या खोबणीत), पेशंटच्या पोटावर नाही.

ओटीसिस्टर_ठाणे:
खूप आभार सगळ्यांचे. एक अडचण आहे: आमच्याकडे भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, रोज वेगळे. त्यांच्यासोबत ड्रिल कसं जमवायचं?

भूलतज्ज्ञ_नेरूळ:
मग टाइम-आउटमध्येच (ऑपरेशन सुरू होण्याआधी सगळे थांबून खात्री करतात तेव्हा) घ्या. चीर देण्याआधी तुम्ही मोठ्याने विचारा: स्पिरिट सुकलं? ऑक्सिजन किती टक्के? व्हॉल्व्ह कोण बंद करणार? नवीन डॉक्टर असले तरी उत्तर मिळेपर्यंत ब्लेड हातात देऊ नका. तो तुमचा अधिकार आहे, सिस्टर.