तास कमी झाले, पगार अर्धा झाला : तुमचे अनुभव सांगा

सायली_जर्सी
काल भाचीचा फोन. दुकानात तिचे तास ४० वरून १८ केलेत. "पण नोकरी गेली नाही ना मावशी, मग अनएम्प्लॉयमेंट, म्हणजे बेकारी भत्ता, कसा मागू?" हेच वाक्य मी २०२० च्या एप्रिलमध्ये बोलले होते. रात्रभर सगळं आठवत राहिलं.

मी तेव्हा न्यू जर्सीत डेकेअरला. मुलंच येईनात, तास १५ वर आले. शेजारच्या गुजराती मासींनी हाताला धरून फॉर्म भरायला बसवलं. हिशेब असा: आठवड्याचा भत्ता समजा ३०० डॉलर, त्यात २० टक्के मिळवायचे, झाले ३६०. त्यातून त्या आठवड्याची कमाई वजा. २०० कमावले तर १६० मिळणार. वर जुलैअखेरपर्यंत फेडरलचे, म्हणजे केंद्र सरकारचे, आठवड्याला ६०० होतेच.

चूक काय केली, तर दर आठवड्याला सर्टिफाय करताना, म्हणजे त्या आठवड्याची कमाई कळवताना, हातात आलेला पगार लिहायचे, तोही चेक आला त्या आठवड्यात. लिहायचा असतो कापाकापीच्या आधीचा, आणि काम केलं त्या आठवड्यात. पुढे पत्र आलं, जादा दिलेले परत करा. हातपाय गार पडले. हप्त्याहप्त्याने फेडले. पण मागितले याची लाज नाही वाटत. विमा आहे तो, इथे आपल्या पगारातूनही त्याचे पैसे कापतात.

ओवीची आई
सायली, किती ग सोसलंस. तेव्हा बोलली का नाहीस?

नेकारकाठी
स्टुटगार्टजवळून. इकडे कुर्त्सआर्बाइट, म्हणजे तास कमी करून नोकरी टिकवायची सरकारी योजना. नवऱ्याचे तास निम्मे झाले, पण अर्ज कंपनीच करते, पैसे पगारातच येतात. बुडालेल्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७. २०२० मध्ये चौथ्या महिन्यापासून वाढवलेही होते. घोळ पुढच्या वर्षी! हे पैसे करमुक्त, पण बाकीच्या पगारावरचा कराचा दर त्यांच्यामुळे वाढतो. वर्षाला ४१० युरोंच्या वर गेले की रिटर्न भरावंच लागतं. आम्हाला उलटे पैसे भरावे लागले. बाजूला काढून ठेवा ग बायांनो. कुकर झाला, पळते.

भोसरीकर
आमच्याकडे याला ले-ऑफ म्हणतात, नोकरी राहते पण तात्पुरतं काम नसतं. २०१९ ची मंदी, वडील पर्मनंट होते म्हणून बेसिक अधिक महागाई भत्ता याच्या ५० टक्के मिळाले. त्यासाठी रोज शिफ्टच्या वेळेला गेटवर जाऊन हजेरी लावायची. काम नाही, तरी डबा घेऊनच निघायचे. आईने एकदा विचारलं, डबा कशाला? म्हणाले, सवय आहे. शेजारच्या लाइनवरची कंत्राटी पोरं मात्र तशीच घरी गेली, हातात काही नाही. त्यातला एक आमच्याच चाळीत राहायचा. अजून डोळ्यासमोर येतो.

अथांग
भोसरीकर, डब्याचं वाचून गलबललं. माझेही बाबा तसेच.

मनू_टेक्सास
अर्धवटच वाचलंय, घाईत. अमेरिकेत एच-१ या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी एक लक्षात ठेवा, पूर्णवेळचं अर्धवेळ करायचं तर कंपनीला पिटिशन, म्हणजे व्हिसासाठी सरकारकडे केलेला अर्ज, बदलून घ्यावी लागते. नुसतं तोंडी "तास कमी" चालत नाही.

ओवीची आई
मी एच-४ ईएडीवर होते, म्हणजे एच-१ वाल्याच्या बायकोला मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर. ग्रीन कार्ड अडकेल या भीतीने अर्जच केला नाही. नंतर कळलं, हा भत्ता पब्लिक चार्जमध्ये, म्हणजे माणूस सरकारवर भार होईल का हे बघताना, धरतच नाहीत. घरभाड्याला भावाकडून उसने घेतले ते दिवस आठवले की अजून पोटात तुटतं.

सायली_जर्सी
अग! हेच भाचीला सांगते आता. आणि फेडरल टॅक्स लागतो यावर, अर्जातच १० टक्के कापायला सांगता येतात, तेवढं कर म्हणावं.

नेकारकाठी
कुकर उतरवून आले. त्या मासी कशा आहेत ग?

सायली_जर्सी
गेल्या वर्षी मुलाकडे शिकागोला गेल्या. दर रविवारी फोन करते. या रविवारी भाचीलाही जोडून देते, त्याच समजावतील नीट.

भोसरीकर
मासींना आमचाही नमस्कार सांगा ताई.